वीस तेत्रींची मेणबत्ती

चर्चच्या दाराआतल्या कोपऱ्यात
माझं टेबल. तीन डबे.
बारीक मेणबत्ती वीस तेत्री, मधली एक लारी,
आणि मनगटाएवढी जाड, ती पाच.
मी मकवला. सव्वीस वर्षं बसते इथं.
पाद्रीबाबांना लोक आपली पापं सांगतात,
माझ्याकडे फक्त सुटे पैसे मागतात.
पण कुणाचा हात कुठल्या डब्याकडे जातो
ते मी बघते.

गोदेर्झीचा हात बारीक डब्याकडे जायचा.
फौजेतून परतला तेव्हापासून, दर रविवारी,
नखांत द्राक्षमळ्याची माती.
एकच घ्यायचा, पेटवून वाळूत खोचायचा,
ओठ हलायचे नाहीत त्याचे.
मग घरी, जमिनीत पुरलेल्या रांजणांकडे,
जिथं द्राक्षाचा रस
अंधारात स्वतःशीच भांडत असतो.

तिबिलिसीत त्याच्या वाइनला पदक मिळालं.
जर्मन आले, एक घोट घेऊन डोळे मिटले.
त्या रविवारी त्यानं दहा जाड घेतल्या.
अख्खी वाळू उजळली, बाया वळून बघायला लागल्या.
मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू,
डबा रिकामा झाला म्हणूनही झाला.
पुढे तो फोनवर बोलत आत यायचा.
पुढे उंबऱ्यापर्यंतच.
पुढे ड्रायव्हर यायचा, नोट ठेवायचा:
"मालकांच्या नावानं लावा एक."
लावायचे.
पण काडी ओढताना वाटायचं,
देव ताट मांडून बसलाय
आणि पाहुण्यानं नुसता निरोप धाडलाय.

जुलैत गारा पडल्या. बारा मिनिटं.
अक्रोडाएवढ्या.
अलाझानीच्या आमच्या काठावर पान शाबूत राहिलं नाही,
वेली उभ्या, पिसं उपटलेल्या कोंबड्यांसारख्या.
दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, टोपी न काढता.
"पन्नास लारींचं मेण एका दिवशी जाळलं मी इथं.
त्याला दिसलं नाही?"
मी म्हटलं, "विकलेला माल परत घेत नाही, गोदेर्झी."
वाटलं होतं, हसेल.
नाही हसला.

नंतर तीन आठवडे तोंड दाखवलं नाही.
मी रोजच्यासारखी संध्याकाळी
विझलेली थोटकं वाळूतून उकरत होते.
पातेल्यात वितळवते मी ती.
लग्नाचं मेण, मढ्याच्या उशाचं मेण,
पदकाचं आणि गारांचं,
एका उकळीत एक होतं. काजळी तेवढी वर येते.

माझा लेवान पोलंडला गेला त्याला नऊ वर्षं झाली.
पहिली चार मी देवाशी बोलले नाही.
इथंच बसून. मेणबत्त्या विकत.
हे पाद्रीबाबांनाही ठाऊक नाही.
पाचव्या वर्षी का बोलायला लागले, विचारू नका.
काही घडलं नव्हतं. लेवानचा फोनही आला नव्हता.
एकदा झाडू मारता मारता
गप्प राहून दमले, एवढंच.

चौथ्या रविवारी गोदेर्झी आला.
वीस तेत्री मोजून टेबलावर ठेवल्या.
उकाड्यानं मेणबत्ती जरा वाकली होती.
त्यानं ती वाळूत खोचली नाही,
हातातच धरली, बोटांना चटका बसेपर्यंत.
या खेपेला ओठ हलत होते. भांडत होता बहुधा.
भांडू दे. रांजणातला रसही भांडतो,
म्हणून कुणी रांजण फोडत नाही.

यंदा वेलींना घड चांगले धरलेत.
जर्मनांचं पत्र आलंय म्हणे.
सगळं गाव म्हणतं, देव पावला.
मी जाड मेणबत्त्यांचा डबा
टेबलाखाली, पायाशी सरकवून ठेवलाय,
आणि गारांच्या वेळी केली नव्हती
तेवढी प्रार्थना आता करते:
देवा, या माणसाला सांभाळ,
सुगी जवळ आलीय.